बेळगावात इंजिन उचलायला चेन पुली कुठे मिळाली

मारुती ८०० चं इंजिन अंगणातच बदलायचं होतं. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतून क्रेन आणायचा विचार केला, पण ती आमच्या बोळात शिरेना. शेडच्या पाइपला दोर बांधला, तर पाइपच वाकला. दोन रविवार गेले, डोकं फिरलं.

शेवटी बोअरची मोटर काढणाऱ्यांकडे एक टन वजन उचलणारी चेन पुली (साखळीची कप्पी) आणि ती टांगायला तिपायी घोडा, म्हणजे तीन पायांचा स्टँड, दिवसाच्या भाड्याने मिळाला!

आधी हे सगळं क्रमाने काढायचं: बॅटरी, बॉनेट, कूलंट, पेट्रोल पाइप, वायरिंग, सायलेन्सर, शेवटी गिअरबॉक्सकडून ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे). मग इंजिनच्या दोन्ही हुकांत साखळी. आधी साखळीला ताण, मगच माउंटिंगचे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे बोल्ट सोडायचे. इंजिन वर लटकलं की गाडी मागे ढकलायची आणि ते जुन्या टायरवर उतरवायचं. घोड्याचे पाय मात्र एकमेकांना बांधा. फरशीवर ते फाकतात.