सहा महिने झाले तरी हात जुळेना: दुसऱ्या ऑपरेशनआधी आणि ऑपरेशनमध्ये काय पाहायचं

कोपर आणि मनगट यांच्यामधली दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, मोठ्या माणसात साधारण तीन-चार महिन्यांत जुळतात. सहा महिन्यांनंतरही मोडलेल्या जागी दाबल्यावर दुखतंय, एक्स-रे महिन्यामागून महिना तसाच येतोय किंवा स्क्रू सैल झालेत, तर नुसतं थांबून फारसं काही होत नाही.

नुसती जुनी प्लेट काढून नवी बसवणं हा उपाय नव्हे. आधीचं का फसलं ते कळलं नाही, तर नवीही फसते. जळगाव-धुळ्याकडे दिसणारी कारणं ठरलेली: हाडवैद्याच्या कामट्यांत गेलेले महिने, मोठ्या माणसाला टाकलेली बारीक सळई (ती हाडाचं गरगर फिरणं थांबवत नाही), आखूड प्लेट, आणि तंबाखू. बिडी असो वा मळलेली तंबाखू, ऑपरेशनच्या किमान महिनाभर आधीपासून हाड जुळेपर्यंत बंद. साखर आटोक्यात हवी, ड जीवनसत्त्व तपासलेलं हवं. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्याही करायच्या. पण त्या नॉर्मल आल्या म्हणून जंतुसंसर्ग नाही असं धरू नये.

एक्स-रेवर टोकाभोवती जाड नवं हाड दिसलं तर रक्तपुरवठा आहे, कमी आहे ती घट्ट पकड. बहुतेक वेळा चांगली प्लेट पुरते. टोकं निमुळती, कोरडी दिसली तर कमरेचं हाड काढून फटीत घालावंच लागतं.

ऑपरेशनमध्ये दोन्ही हाडांसाठी वेगवेगळे छेद घेतात, नाहीतर ती एकमेकांना चिकटून तळहात वर-खाली करणं बंद पडतं. रेडियसच्या वरच्या भागात बोटं सरळ करणारी नस जपावी लागते. जंतू तपासायला पाच जागचे तुकडे पाठवतात. शक्य असेल तर त्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात. मग फटीतला चिवट पांढरा भाग आणि मेलेलं हाड काढतात, हाडाच्या आतली बंद झालेली पोकळी ड्रिलने उघडतात. रक्त थांबवायला दंडाला बांधलेला पट्टा सैल केल्यावर हाडाच्या कडेवर बारीक लाल ठिपके उमटले पाहिजेत, म्हणजे हाड जिवंत आहे. ते नाही उमटले तर अजून कापायचं. घाई इथेच नडते.

प्लेट ३.५ मिमीची, मोडीच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन स्क्रू. जुनाट केसमध्ये चार असलेले बरे. रेडियसचा नैसर्गिक बाक राखायचा. एकच हाड आखूड करून जुळवलं, तर मनगटाचा सांधा बिघडतो. म्हणून लांबी राखून फट कमरेच्या हाडाने भरतात. मात्र ते दोन हाडांच्या मधल्या बाजूला सांडू द्यायचं नाही. पाच-सहा सेंटिमीटरपर्यंतची फट यात बसते. त्यापुढे पायातलं फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणण्याचा विचार. पू असेल तर एका झटक्यात काही होत नाही: आधी सफाई, अँटिबायोटिकयुक्त सिमेंट, आणि संसर्ग आटोक्यात आला तर सहा-आठ आठवड्यांनी हाड.

बोटं त्याच दिवसापासून हलवायची. टाके बारा-चौदा दिवसांनी. एक्स-रे सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात. केळीचा घड किंवा कपाशीचं गाठोडं हाड जुळलेलं दिसेपर्यंत उचलायचं नाही, दुखत नसलं तरी. प्लेट काढायचीच असेल तर दीड-दोन वर्षांआधी नको.

जाताना सगळे जुने एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड न्या. कोणती प्लेट, कोणते स्क्रू हे आधी कळलं नाही, तर ते काढण्याचं योग्य हत्यार टेबलावर नसतं.