लायबेरियाची पॅटर्न नाणी घेताय? या चुका टाळा

लायबेरिया प्रजासत्ताक झालं 26 जुलै 1847 रोजी. ही तारीख डोक्यात पक्की असली की बऱ्याच थापा आपोआप ओळखू येतात. 1833 सालचा माड आणि जहाजाचा तांब्याचा सेंट 'लायबेरियाचं पहिलं पॅटर्न' (म्हणजे नाणं मंजूर होण्याआधी पाडलेला नमुना) म्हणून हमखास गळ्यात मारला जातो. खरं तर तो अमेरिकन कोलोनायझेशन सोसायटीचा, म्हणजे अमेरिकेतल्या मुक्त कृष्णवर्णीयांना लायबेरियात वसवणाऱ्या संस्थेचा टोकन; सरकारी नाणं नव्हे. संस्थेचं नाव आणि 1816 हे स्थापनेचं साल त्यावर चक्क लिहिलेलं असतं. टोकन म्हणून जरूर घ्या, पण पॅटर्नच्या भावाने नको.

दुसरा घोळ प्रूफचा. 1847 आणि 1862 चे एक व दोन सेंट ही काही पॅटर्न नव्हेत, ते नेहमीचं चलन. त्यांची प्रूफही मिळतात. प्रूफ म्हणजे तेच नाणं, फक्त चकचकीत ठशांनी निगुतीने पाडलेलं. पॅटर्न म्हणजे रचना, धातू किंवा मूल्य पसंतीला टाकण्यासाठी काढलेला नमुना. म्हणून विक्रेत्याला एकच विचारा, "मंजूर नाण्यापेक्षा यात वेगळं काय?" उत्तर "दुर्मीळ आहे हो" एवढंच आलं, तर पाकीट खिशातच राहू द्या. (1896 च्या नाण्यांवरचा 'एच' पाहूनही काहींना पॅटर्नची स्वप्नं पडतात. तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा.)

धातूवर तर डोळे झाकून विश्वास ठेवूच नका. सोन्याचा मुलामा दिलेलं तांबं 'सोन्याचं पॅटर्न' म्हणून खपतं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा. नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. 9 ग्रॅमच्या तुकड्याला 1 ग्रॅम आला तर भागाकार 9, म्हणजे तांब्याच्या घरातलं काहीतरी. 22 कॅरेट सोन्याला जेमतेम अर्धा ग्रॅम आला असता. तांबं की ब्राँझ, हे मात्र या युक्तीने कळत नाही.

भारतात राहणाऱ्यांची एक चूक फार महागात पडते. नाणं आधी घरी मागवायचं आणि मग ग्रेडिंगसाठी (अस्सलपणा आणि दर्जा ठरवून घेण्यासाठी) परदेशी पाठवायला निघायचं! 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपलीकडचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. तपासणी तिकडेच उरकून घ्या.

आणि चिंच-मीठ नकोच. मी एका 1862 च्या सेंटला लावलं होतं. दोन मिनिटांत चॉकलेटी रंग गेला आणि खालून देव्हाऱ्यातल्या ताम्हनासारखं गुलाबी तांबं वर आलं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनी हिरवा चिकटा धरतो, तो वेगळाच. तो ॲसिटोनने निघतो; गेलेला रंग कशानेच परत येत नाही.