फॉरमॅट मारायच्या आधी एवढं करून बघा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणाचाही कॉम्प्युटर स्लो झाला की पहिला शब्द तोंडातून निघतो तो फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं. "एकदा फॉरमॅट मारून आणतो, मग बघ कसा पळेल." आणि पळतोही, दोन-तीन महिने, मग परत ये रे माझ्या मागल्या. मला या फॉरमॅटचा खरंच राग आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी पीसी असाच दुकानात दिला, तिथे न विचारता डी ड्राइव्हपण पुसला, आणि काकांच्या आईचे शेवटच्या दिवाळीचे फोटो गेले, दुसरी कॉपी कुठेच नव्हती. बरं एवढं करून पीसी तसाच रखडत होता, कारण व्हायरस नव्हताच, हार्ड डिस्क म्हातारी झाली होती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, घरबसल्या करता येतं, आणि विंडोज १० आणि ११ दोन्हीला साधारण सारखंच आहे, नावं थोडी इकडेतिकडे असतील.

सगळ्यात आधी दुखतंय कुठे ते बघायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. कॉम्प्युटर सुरू करून दहा मिनिटं काही न करता तसाच सोडा आणि मग सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने बघा. सीपीयू निवांत आहे पण डिस्क सारखी १०० टक्क्यांवर अडकलीये तर बहुतेक वेळा जुनी फिरती हार्ड डिस्क हेच कारण. मेमरी काही न उघडताच ८०-९० टक्के भरलीये तर रॅम कमी पडतेय, ४ जीबीवाल्या मशीनचं हे नेहमीचं रडगाणं. आणि काहीच चालू नसताना सीपीयू पळतोय, पंखा घरघरतोय, तर कुठला प्रोग्रॅम वर आहे ते बघा, त्यावर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन करा. टेम्प फोल्डरमधून चालणारं, नावाचा काही अर्थ न लागणारं काही दिसलं तर संशयाला जागा आहे. मात्र अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, तो बंद करायला जाऊ नका, आणि सर्व्हिस होस्ट नावाच्या पन्नास ओळी दिसल्या तरी घाबरू नका, त्या असतातच.

तिथेच स्टार्टअपचा टॅब आहे. समोरच्या विंगमधल्या काकूंच्या लॅपटॉपला सुरू व्हायला सात मिनिटं लागायची, मी घड्याळ लावून बसले होते. यादी उघडली तर कधीच फेकून दिलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, तीन चॅटिंगची अ‍ॅप्स, एक गेमचा लाँचर (नातू दिवाळीच्या सुट्टीत येऊन टाकून गेलेला), दोन-दोन अपडेटर, असे चौदा जण दार उघडल्या उघडल्या एकदम आत घुसत होते. टचपॅड, साउंड आणि अँटीव्हायरस सोडून बाकी सगळे डिसेबल केले. डिसेबल म्हणजे डिलीट नाही बरं का, अ‍ॅप जागेवरच राहतं, तुम्ही उघडाल तेव्हा उघडतं. दोन मिनिटांच्या आत डेस्कटॉप आला. एक रुपया खर्च नाही.

पण हार्ड डिस्क फिरती असेल तर यापुढे सेटिंगने फार फरक पडत नाही, तिथे एसएसडी (म्हणजे आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका. जुन्या मशीनवर पैसे घालायचेच असतील तर आधी एसएसडी, मग रॅम, हाच क्रम. सहा-सात वर्षांच्या लॅपटॉपमध्येसुद्धा बहुतेक वेळा अडीच इंची साटा एसएसडी बसते. बुधवार पेठेत जाऊन घ्या की ऑनलाइन घ्या, पक्कं बिल आणि वॉरंटी मात्र सोडू नका. आणि दुकानात बसवून घेताना "क्लोन करून द्या" असं स्पष्ट सांगा, म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीनवर येतं. जुनी डिस्क परत मागून घ्या, तिच्यात तुमचा डेटा आहे, दुकानात सोडायची वस्तू नाही ती. एसएसडीला डीफ्रॅग (फिरत्या डिस्कवरचे फाइल्सचे विखुरलेले तुकडे जुळवणं) करत बसू नका, विंडोज तिची निगा आपोआप राखतं.

आता धूळ. आमच्याकडे गल्लीत दोन-तीन बिल्डिंगा तरी कायम रिडेव्हलपमेंटला पडलेल्या असतात, खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं, तीच धूळ कॅबिनेटमध्ये ओढली जाते. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो, म्हणजे नुसत्या धुळीनेसुद्धा कॉम्प्युटर स्लो होतो आणि लोक व्हायरस शोधत बसतात. मी एका पीसीची बाजूची पट्टी काढली तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखाली पात्यांमध्ये करड्या रंगाचा थर होता, नखाने उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अखंड निघाला. साफ करताना आधी प्लग काढा, पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जातो, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मग कोरड्या मऊ पेंटिंग ब्रशने आणि ब्लोअरने गॅलरीत नेऊन साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरागरा फिरून बेअरिंग जातं. ओलं फडकं अजिबात नको. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी बंद होते.

कचरा काढायला सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग स्टोरेज. टेम्पररी फाइल्स बिनधास्त काढा, पण त्या यादीत डाउनलोड्सची पण एक खूण असते, ती करायच्या आधी दहादा विचार करा, कारण आपल्याकडे आधार, पॅनपासून मुलांच्या मार्कशीटपर्यंत सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं. सी ड्राइव्ह साधारण १५-२० टक्के मोकळा ठेवा. रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर असल्या गोष्टी टाकू नका, काही उपयोग होत नाही आणि धोका मात्र आहे. २०१७ मध्ये सीक्लीनरसारख्या नावाजलेल्या सफाईच्या प्रोग्रॅमच्या अधिकृत डाउनलोडमध्येच हल्लेखोरांनी मालवेअर (व्हायरससारखा घातक प्रोग्रॅम) घुसवला होता आणि जवळपास महिनाभर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जे काम विंडोज स्वतः करतं त्यासाठी आणखी एकाला घरात कशाला घ्यायचं?

मालवेअरचं म्हणाल तर घरच्या वापराला विंडोजचा डिफेंडर पुरेसा आहे, फक्त तो चालू आहे ना आणि अपडेट होतोय ना हे विंडोज सिक्युरिटीत जाऊन बघत जा. लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायलवाला अँटीव्हायरस संपून पडला असेल तर तो अनइन्स्टॉल करा आणि डिफेंडर चालू झालाय याची खात्री करा. विकतचा हवा असेल तर जरूर घ्या, क्विक हील तर आपल्या पुण्याचीच कंपनी आहे, पण दोन अँटीव्हायरस एकावर एक नकोत, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन बसतं. संशय आला तर स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन म्हणून आहे तो मारा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण उठायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलं पण सापडतं, पंधरा मिनिटांचं काम. आधी उघडी कामं सेव्ह करा फक्त. दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती चालेल, आणि सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही फुकट टूल्स मिळतात.

पेनड्राइव्हचं मात्र नीट वाचा, कारण पुण्यात घरोघरी व्हायरस येतो तो झेरॉक्सच्या दुकानातून. प्रिंट काढून घरी आलात, पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरच्या चित्रावर खाली कोपऱ्यात छोटा बाण दिसतोय? ते फोल्डर नाहीत, शॉर्टकट आहेत. खरे फोल्डर व्हायरसने लपवलेत आणि शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतोही पण मागे व्हायरस चालू होतो, म्हणून कळतच नाही. लोक घाबरून तिथेच पेनड्राइव्ह फॉरमॅट मारतात आणि डेटा घालवतात. काहीही उघडू नका, आधी पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यूच्या टॅबवर हिडन फाइल्स दाखवा हे निवडा आणि हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्सची खूण काढा, तुमचे खरे फोल्डर फिकट रंगात समोर येतील. त्यातल्या फाइल्स कॉपी करून घ्या, मग करा पेनड्राइव्ह फॉरमॅट, आणि काढलेली खूण परत लावा. तिथेच हाइड एक्स्टेन्शन्सची (फाइलच्या नावाचं शेपूट लपवायची) खूण असेल तर ती काढून टाका, ती कायमची काढलेलीच बरी, म्हणजे लाइट बिल म्हणून आलेली पीडीएफ शेवटी ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅम, निघाली तर लगेच कळेल. आणि प्रिंटसाठी एक रिकामा वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त त्या दिवसाची फाइल.

व्हायरसचं दुसरं दार म्हणजे क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायची चोरवाट. फुकट फोटोशॉप, फुकट गेम, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणारं टूल, या सगळ्यांत पहिली सूचना असते की अँटीव्हायरस बंद करा. जो घरात शिरायच्या आधी कुत्रा बांधायला सांगतो त्याला आत कशाला घेता? सगळ्या फाइल्स लॉक करून पैसे मागणारे रॅन्समवेअर आणि ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम याच वाटेने सर्रास येतात. मराठी टायपिंगसाठी पण लोक क्रॅक शोधतात हे बघून वाईट वाटतं, कारण विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड फुकट आहे, सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी घ्या आणि फोनेटिक निवडा, 'namaskar' सारखं रोमनमध्ये टाइप न करता येणाऱ्यांना इनस्क्रिप्ट (थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड) पण तिथेच आहे.

स्क्रीनच्या कोपऱ्यात "तुमच्या पीसीत पाच व्हायरस" असं सारखं येत असेल तर तो बहुतेक व्हायरस नसतो, कधीतरी एखाद्या साइटला तुम्ही अलाऊ दाबलंय. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये जाऊन अनोळखी साइट्स काढा, ब्राउझरला जोडलेली छोटी अ‍ॅप्स, म्हणजे तिथली एक्स्टेन्शन्सपण बघा. फुल स्क्रीन होऊन भोंगा वाजवत फोन नंबर दाखवला तर त्या नंबरवर फोन करायचा नाही, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. कुणी स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला लावून पैसे काढलेच तर इंटरनेट तोडा आणि ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, बँकेलाही कळवा. जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

अपडेटला लोक कंटाळतात हे मला कळतं. पण १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर विंडोजमधल्या एका भोकातून जगभर पसरला तेव्हा त्या भोकावरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी टाकला नव्हता त्यांची मशीन लॉक झाली. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मशीन ११ ला चालत असेल तर घ्या, नसेल तर नुसतं इंटरनेट आणि पत्रं लिहिण्यापुरतं विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम छान चालते. मुलांना आणि नातवंडांना स्टँडर्ड अकाउंट काढून द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, म्हणजे तो गेमचा लाँचर परत येणार नाही.

एवढं करूनही फॉरमॅट मारायची वेळ आलीच तर आधी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो, डी ड्राइव्ह, टॅलीचा डेटा असेल तर तो, तुमचे मराठी फॉन्ट आणि ब्राउझरचे बुकमार्क घ्या. कॉपी झालं म्हणून सोडू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरला ती डिस्क लावून दोन-चार फोटो उघडून बघा, मग ती काढून कपाटात ठेवा, कारण लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही लॉक करतो. त्यानंतर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत रीसेट धिस पीसी आहे, दुकानात जायची पण गरज नाही. आणि दुकानात द्यायचाच असेल तर कॅबिनेटवर कागद चिकटवा, मी काकांच्या नवीन पीसीवर मोठ्या अक्षरात चिकटवलाय: "डी ड्राइव्हला हात लावू नये, आधी फोन करा."