वाफेच्या इंजिनाचे बारीक पार्ट घरच्या लेथवर: या चुका टाळा

वाफेचं मॉडेल इंजिन कोणी दाखवायला आणलं की मी रंगाकडे बघत नाही. चाकाला बोट लावून सावकाश एक फेरी फिरवतो. बहुतेक वेळा फेरीत एक-दोन जागी हाताला जड लागतं आणि समोरून ठरलेलं वाक्य येतं, "चालून चालून मोकळं होईल." नाही होत. चालून मोकळा होतो तो खरखरीतपणा. चुकीच्या जागी पडलेलं भोक तिथेच राहतं, फार तर लांबट होतं. खाली लिहिलेली निम्मी दुखणी या एका वाक्यातून आलेली आहेत. उरलेली "एवढासा तर पार्ट आहे" या दुसऱ्या वाक्यातून.

जॉब चकातून काढायची घाई

थ्री-जॉ चकात, म्हणजे लेथच्या तीन जबड्यांच्या पकडीत, गोल जॉब (कापायचा तुकडा) पकडला की तो आपोआप मधोमध बसतो, असा एक समज आहे. चांगल्या चकातही 0.05 ते 0.08 मिमीचा फरक सहज निघतो. एकाच पकडीत सगळे व्यास काढलेत तर त्याने काही बिघडत नाही, कारण ते एकमेकांशी समकेंद्री येतात. जॉब काढून उलटा धरलात की मात्र तो फरक पार्टमध्ये कायमचा मुक्कामाला येतो.

माझ्या पहिल्या इंजिनाची गोष्ट. सिलिंडरच्या मागच्या कव्हरला एका बाजूला बोअरमध्ये बसणारा खांदा असतो, दुसऱ्या बाजूला ग्लँड, म्हणजे वाफ गळू नये म्हणून पॅकिंग भरायची जागा, आणि मधून पिस्टनचा रॉड आरपार जातो. मी खांदा आणि फेस छान काढला, कव्हर उलटं धरलं आणि रॉडचं भोक त्या दुसऱ्या पकडीत पाडलं. दिसायला कव्हर सुरेख. जोडल्यावर पिस्टन पुढच्या टोकाला लोण्यासारखा सरकायचा आणि मागच्या कव्हरजवळ आला की अडायचा. पॅकिंग घट्ट झालं असेल म्हणून मी ते सैल केलं. मग पिस्टनवर संशय घेतला, मग व्हॉल्व्हच्या टायमिंगवर. तीन रविवार गेले. पिस्टनवरून एमरीच्या कापडाने "थोडासाच" हात फिरवला तेव्हा तर पिस्टनही घालवला.

शेवटी पॅकिंग काढलं, क्रॉसहेड (रॉडच्या टोकाचा सरळ सरकणारा सांधा) सोडवला, कव्हर एक-एक भोक फिरवून पुन्हा बसवत गेलो आणि रॉड हाताने ढकलत गेलो. कव्हर फिरेल तशी रॉड घासण्याची बाजूही फिरत होती. म्हणजे दोष सिलिंडरमध्ये नव्हता, कव्हरमध्ये होता. पिस्टन कव्हरपासून लांब असतो तेव्हा थोड्या ढिलाईत रॉड तिरकेपणा पचवतो. जवळ आला की ते अंतरच उरत नाही, म्हणून तिथे अडतो. पाच मिनिटांची ही तपासणी पहिल्याच दिवशी केली असती तर पिस्टन वाचला असता.

आता माझी सवय अशी: ओतीव कव्हरला पकडण्यासाठी जो खुंट दिलेला असतो, तो धरून खांदा, फेस आणि रॉडचं भोक तिन्ही एका दमात करायचं. भोक शेवटी रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने. त्यानंतरच खुंट कापायचा. ग्लँडच्या बाजूसाठी चकात एक बुश (नळीसारखा पोकळ तुकडा) पकडून ती तिथल्या तिथे खांद्याच्या मापाला बोअर करतो, चिरतो आणि तिच्यात कव्हर धरतो. कोणता जबडा कुठे होता त्याची खूण बुशवर पंचने मारून ठेवतो. फोर-जॉ चक (चारही जबडे वेगवेगळे सरकणारा) आणि डायल गेजनेही 0.01 मिमीपर्यंत आणता येतं, पण नवशिका तिथे पाच मिनिटांत कंटाळतो आणि "चालेल" म्हणतो. कंटाळा येणारच असेल तर बुश करा.

टॅप तुटला की हातोडी उचलणं

टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. 8 बीएचा (बीए हे आट्यांचं जुनं ब्रिटिश माप) टॅप म्हणजे 2.2 मिमी व्यासाची, काचेसारखी ठिसूळ काडी. दोन सिलिंडर, चार कव्हरं, प्रत्येकाला आठ स्टड, म्हणजे बत्तीस भोकं. माझा टॅप एकतिसाव्या भोकात तुटला. पहिली तीस सरळ गेली म्हणून हात सैल झाला होता. भोक आरपार नव्हतं, तळाशी चिप्स दाबल्या गेल्या होत्या आणि मी अजून अर्धा फेरा रेटला. मग पंच लावून तुकडा उलटा फिरवायला गेलो. त्याने तुकडा आणखी घट्ट बसला आणि भोकाचं तोंड खराब झालं.

सिलिंडर गनमेटलचा (तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचा) होता, म्हणून वाचला. सगळे लोखंडी भाग काढले, काचेच्या भांड्यात तुरटीचं दाट पाणी केलं, त्यात सिलिंडर बुडवला आणि ते भांडं गरम पाण्यात ठेवून तापतं ठेवलं. तुरटी टॅपचं पोलाद खाते, गनमेटल आणि पितळेला हात लावत नाही. दोन-तीन दिवस लागले, पाणी बदलावं लागलं, पण तुकडा काळा भुगा होऊन बाहेर आला. सिलिंडर बिडाचा असेल तर हा उपाय विसरा, तुरटी सिलिंडरही खाईल.

तुटू नये म्हणून दोन गोष्टी करतो. एक, तक्त्यात जरा बारीक ड्रिल दिलेलं असलं तरी गनमेटलमध्ये 1.85 मिमीचं वापरतो. आटे थोडे उथळ होतात, पण स्टड धरायला भरपूर. पूर्ण खोल आट्यांचा हट्ट टॅप विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे. दोन, जाड पट्टीत टॅप जेमतेम सरकेल असं सरळ भोक पाडून ती पट्टी जॉबवर दाबून धरतो, म्हणजे टॅप तिरका जाऊच शकत नाही. आणि बंद भोकात दर दोन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर. अर्धा फेरा उलटा फिरवणं म्हणजे साफ करणं नव्हे, चिप्स तिथेच असतात.

कपलिंग रॉड ड्रॉइंगवरून

रेल्वे इंजिनाच्या मॉडेलमध्ये एका बाजूची चाकं जोडणारा दांडा म्हणजे कपलिंग रॉड. ड्रॉइंगमधलं अंतर तुमच्या फ्रेमला माहीत नसतं. अ‍ॅक्सलबॉक्स (अ‍ॅक्सल धरणारे बेअरिंगचे ठोकळे) बसवल्यावर प्रत्यक्ष जे अंतर आलं तेच रॉडवर हवं, शक्य तर दोन्ही एकाच मोजणीने पाडलेलं. एका अ‍ॅक्सलवरची डावी-उजवी चाकं, म्हणजे त्यांच्या क्रँकपिन, एकमेकांना 90 अंशांत लावताना कोन नेमका 90 आहे की अर्ध्या अंशाने कमी, याने फारसं अडत नाही. सगळ्या अ‍ॅक्सलवर तो सारखा हवा. अडकतंय तर एकेक रॉड सोडून बघा, दोषी जोडी लगेच सापडते. बुशमध्ये किंचित ढिलाई मात्र मुद्दाम ठेवा, कारण रुळावर अ‍ॅक्सल वरखाली होणार आहेत.

आता किरकोळ.

पितळेत ड्रिल आत खेचलं जातं. त्याच्या कापणाऱ्या धारेचा पुढचा कोन दगडाने किंचित सपाट करा आणि ते ड्रिल पितळेसाठी वेगळं ठेवा.

बॉयलरची फिटिंग पितळेची करू नका. गरम पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरतं ते ठिसूळ. ब्रॉन्झ किंवा गनमेटल घ्या.

बिडाच्या ओतीव जॉबवर पहिला कट भीत भीत मारू नका. वरची कातडी कडक आणि वाळूची असते, टूलचं टोक तिच्या खालून गेलं पाहिजे.

वाफेच्या वाटा तिरक्या भोकांनी जुळतात, तिथे आत धार राहते. पाडून झाल्यावर तार फिरवा, फुंका, पुन्हा तार फिरवा.

बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली मोकळीक): मापावर नेहमी एकाच दिशेने या. पुढे गेलात तर पूर्ण मागे जाऊन परत या.

पार्टिंग टूल, म्हणजे तयार पार्ट कापून वेगळा करायचं टूल, लागेल तेवढंच बाहेर ठेवा. छोटी नट किंवा बुश कापताना टेलस्टॉकच्या ड्रिल चकात एक तार धरून तिचं टोक भोकात सरकवून ठेवा, कापलेला पार्ट तारेत अडकून राहतो. नाहीतर 3 मिमीची नट चिप्सच्या ट्रेमध्ये शोधण्यापेक्षा नवी करणं लवकर होतं, आणि पहिली नेमकी दुसरी पूर्ण झाल्यावर सापडते.