बंगळुरूचा सर्व्हर, नेरूळचा लॅपटॉप आणि मेंदूचे स्कॅन

आमच्या प्रकल्पाचे मेंदूचे एमआरआय स्कॅन बंगळुरूच्या सर्व्हरवर आहेत आणि मी काम करते नेरूळच्या घरून. आधी व्हीएनसीने, म्हणजे दूरच्या मशीनचा पडदा इथे दाखवणाऱ्या सोयीने, सर्व्हरचा अख्खा डेस्कटॉपच इथे उघडायचे. पावसात ब्रॉडबँड गेलं आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आले की एकेक स्लाइस अडखळत सरकायची. माउस जरा हलला तरी पडद्याचं नवं चित्र तिकडून यावं लागतं ना!

आता निव्ह्यू हा ब्राउझरमध्येच चालणारा स्कॅन-दर्शक वापरते आणि स्कॅन एकदाच ब्राउझरमध्ये उतरवते. पुढचं फिरवणं, कापणं लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड करतं. २५६ × २५६ × १७६ व्हॉक्सेलचा (व्हॉक्सेल म्हणजे थ्रीडी चित्रातला एक ठिपका) टी-वन स्कॅन, म्हणजे एमआरआयचा एक नेहमीचा प्रकार, दर व्हॉक्सेलला दोन बाइट, म्हणजे सुमारे २३ एमबी. जीझिपने दाबून लहान केला की आणखी कमी. हॉटस्पॉटला एवढं सहज झेपतं.

स्कॅनरमधून येणाऱ्या डिकॉम फाइल्स सर्व्हरवरच 'डीसीएम टू एनआयआयएक्स' या प्रोग्रामने निफ्टी या संशोधनातल्या फाइल-प्रकारात बदलून घ्या. डिकॉमच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, रुग्णाचं नाव, जन्मतारीख असते. नव्या फाइलच्या नावात किंवा सोबतच्या जेसन माहिती-फाइलमध्ये त्यातलं काही उरलं नाही ना, ते स्वतः उघडून बघा. मग पायडीफेस हा प्रोग्राम चालवून स्कॅनमधला चेहरा काढून टाका. हे कधीही टाळू नका. एकदा थ्रीडीमध्ये किती उजळ ठिपके दाखवायचे तो उंबरठा सरकवताना माझ्यासमोर एका आजींचं नाक, ओठ, मिटलेले डोळे उभे राहिले. ओळखीच्या माणसाने लगेच ओळखलं असतं. त्यांनी मेंदू दाखवायला संमती दिली होती, चेहरा नाही.

चेहरा काढलेली फाइल आणि निव्ह्यूचं पान एकाच फोल्डरमध्ये ठेवा. दोन्ही वेगवेगळ्या सर्व्हरवरून येत असतील तर ब्राउझर फाइल अडवू शकतो. तिथेच पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर पोर्ट ८००० वर सुरू करा, पण १२७.०.०.१ ला, म्हणजे त्या मशीनच्या स्वतःच्याच पत्त्याला, बांधून, नाहीतर तो सगळ्या नेटवर्कला खुला होतो. आपल्या लॅपटॉपवरून एसएसएच या सुरक्षित जोडणीने तेच पोर्ट इकडे वळवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८००० उघडा. काम झालं की सर्व्हर बंद करा, कारण त्या मशीनवरच्या इतरांनाही ते पोर्ट उघडता येतं.

ठाण्याच्या आमच्या सरांशी स्कॅनबद्दल फोनवर बोलताना मी 'पेशंटची डावी बाजू' असंच म्हणते. रेडिऑलॉजीच्या पद्धतीत ती पडद्यावर उजवीकडे दिसते, न्यूरोलॉजीच्या पद्धतीत डावीकडे. निव्ह्यूमध्ये दोन्ही लावता येतात. आमच्याकडे स्कॅनच्या वेळी उजव्या कानाच्या वर ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवतात. तेलामुळे ती टी-वनवर पांढरी चमकते. आधी ती शोधून उजवी बाजू पक्की करायची, मग बाकीचं बघायचं.