जुनी मोटरसायकल घरीच दुरुस्त करून उभी करायची, तर काम कुठल्या क्रमाने काढायचं

जुनी गाडी हातात आली की बहुतेक जण पहिल्याच सुट्टीला पाने घेऊन बसतात आणि संध्याकाळपर्यंत सांगाडा एकीकडे, इंजिन दुसरीकडे आणि सगळे नट-बोल्ट एकाच डब्यात करून ठेवतात. मग दोन-तीन महिने मध्ये जातात, कुठला बोल्ट कुठला ते आठवत नाही, पैसे टाकीच्या रंगावर आणि नव्या हँडलवर गेलेले असतात आणि गाडी "अर्धवट काम, आहे तशी" म्हणून विकायला निघते. बजेट बोंबलतं ते पार्ट महाग म्हणून कमी आणि क्रम चुकला म्हणून जास्त. म्हणून इथे सगळं क्रमानेच सांगतोय, आधी गाडी चालू करायची, मग ती नीट थांबेल असं करायचं, मग कस्टमचे लाड, आणि रंग सगळ्यात शेवटी.

गाडी अजून घेतली नसेल तर आधी कागदपत्रं बघा, चेसी नंबर आणि इंजिन नंबर कागदावरच्या नंबरशी जुळतो का ते स्वतः घासून पुसून वाचा, कारण इंजिन बनवता येतं, कागद बनवता येत नाहीत. दुसरं म्हणजे गाडी पूर्ण आहे का. चालत नसलेली पण सगळे पार्ट जागेवर असलेली गाडी ही चमकणाऱ्या पण अर्धे पार्ट गायब असलेल्या गाडीपेक्षा कधीही स्वस्त पडते. साइड पॅनेल, टाकीचं झाकण, लॉक, ब्रॅकेट, कार्बोरेटरच्या मागचा रबर असल्या बारीकसारीक गोष्टी शोधण्यातच जीव जातो. आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल पाना हातात घ्यायच्या आधी मिळवा, त्यात वायरिंगचा नकाशा, टॉर्कचे आकडे (कुठला बोल्ट किती घट्ट करायचा), कार्बोरेटरमधल्या फ्लोटची उंची सगळं असतं.

आता काहीही न खोलता इंजिन बघायचं. किक खाली जात नसेल तर उड्या मारू नका. प्लग काढा, त्या भोकातून थोडं पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, एक-दोन दिवस तसंच राहू द्या, मग वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढेमागे हलवत बसा. नुसतं गंजाने धरलेलं असेल तर बऱ्याच वेळा सुटतं. नाही सुटलं तर हेड काढावंच लागेल आणि मग बोअर, पिस्टन, रिंग हा खर्च धरूनच पुढे जायचं.

फिरत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. गेज महाग नसतं, उसनंही मिळतं. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर आकडा खोटा येतो. छोट्या फोरस्ट्रोकला साधारण १२० ते १५० पीएसआयच्या आसपास आलं तर निवांत व्हा, खूपच कमी आलं तर चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंग-बोअर गेलंय, वाढला नाही तर व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे बघा. खरा आकडा मॅन्युअलमधलाच, आणि ज्या इंजिनला डिकॉम्प्रेशन (किक सोपी व्हावी म्हणून दाब सोडणारी सोय) असतं तिथे आकडा तसाही कमीच दिसतो. हे सगळं करताना काढलेला प्लग कॅपमध्ये घालून इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा, तसाच लोंबकळत सोडून किक मारल्या तर सीडीआय (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उडू शकतो. त्याच वेळी स्पार्कही दिसतो, निळा आणि ठणठणीत पाहिजे. पिवळा, मरतुकडा असेल तर आधी नवा प्लग, मग कॅप, मग कॉइल, जुन्या गाडीत सीडीआयऐवजी पॉइंट, म्हणजे स्पार्कसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क, असतील तर ते साफ करून गॅप. फक्त टेकवलेला प्लग भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येत असते.

स्पार्क आहे, कॉम्प्रेशन आहे आणि तरी गाडी चालू होत नाही, तर दहापैकी नऊ वेळा कार्बोरेटर. उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर राहतो, तो नेमका पायलट जेटच्या (कमी रेसला पेट्रोल देणाऱ्या जेटच्या) केसाएवढ्या भोकात बसतो. मिक्स्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) काढायच्या आधी तो पूर्ण आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा, हलक्या हाताने, टोक मोडलं तर बॉडीच गेली. मग जेट बाहेर, क्लीनर मारायचा, हवा मारायची आणि प्रत्येक भोकातून उजेड दिसतोय का बघायचं. लोखंडी तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पिते. रबरी डायफ्राम असलेला कार्बोरेटर असेल तर तो आधी बाजूला काढा, क्लीनरने तो फुगतो.

आणि कार्बोरेटर साफ करून त्याच गंजक्या टाकीतलं पेट्रोल सोडलं तर सगळी मेहनत वाया, म्हणून टाकी त्याच्याबरोबरच करायची. आधी पेट्रोल पूर्ण काढून साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा. पापुद्रे असतील तर मूठभर नट टाकून हलवा, टाकताना मोजा आणि काढतानाही मोजा. मग सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, कोमट पाण्यात, टाकी गच्च भरून एक दिवस. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळायचं, साध्या पाण्याने विसळायचं, आणि लगेच उन्हात वाळवून आत थोडं इंजिन ऑइल फिरवायचं, कारण उघडं लोखंड तासाभरात परत तांबूस होतं. कोणी म्हणालं की टाकीला भोक आहे, मी वेल्डिंग मारून देतो, तर त्याने आतली वाफ कशी घालवली ते आधी विचारा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, स्फोट वाफेचा होतो.

गाडी चालू झाली, थोडी गरम झाली, गिअर पडतात का, क्लच सुटतो का, धूर कसला येतो हे बघितलं, की मगच खोलायची. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू केल्यावर पहिल्यांदाच येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, कायम येत असेल तर रिंग. ही यादी आत्ता केली नाही तर गाडी सुटी असताना इंजिनला काय हवंय ते कळायला काही मार्ग उरत नाही.

खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो, दोन बाजूंनी, आणि प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत नाव लिहून. इंजिन कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या त्या जागी टोचून ठेवा, लांब स्क्रू चुकीच्या जागी घातला तर आतलं काहीतरी फोडतो किंवा आटे खातो. जुन्या जपानी बनावटीच्या गाड्यांवरचे स्क्रू साध्या प्लससारखे दिसतात पण ते जेआयएसचे (जपानी मापाचे) असतात, साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोकं गोल करून टाकतो. जेआयएसचे दोन ड्रायव्हर आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, हत्यारांवर पहिला खर्च हाच करा. अडलेला बोल्ट असेल तर ऑइल, रात्रभर वाट, मग गरम करणं, आणि सुटायला लागला की एकदम न काढता थोडा बाहेर थोडा आत.

आता पैसे कुठे घालायचे. ब्रेक, टायर, बेअरिंग, चेन. बाकी सगळं थांबू शकतं. टायरला नुसती नक्षी बघू नका, बाजूला चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर पण रबर दगड झालेला असेल तर ओल्या रस्त्यावर तो टायर काही कामाचा नाही. ड्रम ब्रेक उघडला की आतली धूळ फुंकू नका आणि हवाही मारू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका. डिस्क असेल तर कॅलिपरचे सील बदला आणि फ्लुइड पूर्ण नवं घाला. डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचे ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतात आणि रंगावर सांडले तर रंग उचलतात, डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही.

हँडलचं बेअरिंग बघायला पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश इकडून तिकडे फिरवा, मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कप-कोन आणि छर्रे बदलायचे, ग्रीस भरून ते बरं होत नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला, जुन्या दातांवर नवी चेन घातली तर ती लवकरच जुनी होते.

वायरिंगबद्दल एवढंच, की जुन्या गाडीतले निम्मे भुताटकीचे प्रॉब्लेम अर्थिंगचे, म्हणजे चेसीला टेकणाऱ्या वायरच्या जोडांचे, असतात. हॉर्न वाजवला की लाइट मंद होतो, इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकतो, असलं काही दिसलं की नवी बॅटरी आणायच्या आधी सगळ्या अर्थच्या जागा धातू चमकेपर्यंत घासा. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी बंद गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते, इंजिन थोडं रेस केल्यावर साडेतेरा ते साडेचौदा यायला पाहिजे. १५ च्या वर चढत असेल तर रेग्युलेटर गेलाय, तो बॅटरी उकळवेल. इंडिकेटर एलईडी केले तर ते वेड्यासारखे भरभर चमकतात, त्याला एलईडीचाच फ्लॅशर लागतो. आणि जोड सेलोटेप गुंडाळून करू नका, कृपया.

इथपर्यंत आलात की मग मजा. कस्टमचा नियम माझ्यापुरता एकच, आधी सगळं कच्चं जोडून बघायचं, रंगाशिवाय. हँडल खाली घेतलं तर पूर्ण वळवल्यावर ते टाकीला आपटतं का, क्लचची केबल ताणली जाते का, ब्रेकचा पाइप पुरतो का. सीट पुठ्ठ्याची करून गाडीवर बसून बघा. मागचं चेसीचं शेपूट कापायचं असेल तर शॉकअप पूर्ण दाबल्यावर चाक कुठपर्यंत वर येतं ते आधी मोजा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात टायर सीटला लागतो. कापणं घरी करा पण चेसीचं वेल्डिंग चांगल्या वेल्डरकडूनच घ्या. आणि नियमात काय बसतं तेही कापायच्या आधी बघायचं, नंतर नाही. फोटोत भारी दिसणाऱ्या दोन गोष्टींबद्दल माझं मत वाईट आहे. एक म्हणजे उघडे गोल एअर फिल्टर, ते लावले की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं, मग जेट बदलत बसावं लागतं आणि काही कार्बोरेटर तरीही ऐकत नाहीत. दुसरं सायलेन्सरच्या पाइपला गुंडाळायची पट्टी, ती पाणी धरून ठेवते आणि पाइप आतल्या आत सडतो. रुंद टायरची हौस असेल तर रिमची रुंदी बघा, अरुंद रिमवर रुंद टायर चिमटून गोल होतो आणि गाडी वळताना विचित्र वागते. काढलेले मूळ पार्ट फेकू नका.

सगळं बसतंय याची खात्री झाली की परत खोला आणि आता रंग. कंटाळवाणा भाग घरी करा, शेवटचा फवारा बाहेर द्या, पैसे इथेच वाचतात, कारण रंगवाल्याचा सगळा वेळ घासण्यात जातो. जुना रंग उतरवायला जाड पॉलिश पेपर, मग २४०, ४००, खड्ड्यांना पुट्टी, प्रायमर, आणि प्रायमरवर ८०० नंबरने पाणी लावून. साध्या स्प्रेच्या डब्यातला क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) पेट्रोल सांडलं की चिकट होतो, त्यामुळे टाकीला हार्डनरवाला टू-के क्लिअरच हवा, पण त्यात आयसोसायनेट असतं जे फुफ्फुसाला वाईट, कापडी मास्कचं ते काम नाही, म्हणूनही तो बाहेर दिलेला बरा. चेसीला पावडर कोटिंग टिकतं, मात्र ते साधारण २०० डिग्रीला भाजतात, त्यामुळे रबर-प्लास्टिकचा तुकडाही राहता कामा नये. आटे, बेअरिंगच्या जागा, अर्थिंगच्या जागा आणि चेसी नंबर झाकायला आठवणीने सांगा. जाड थराखाली नंबर बुजला तर पुढे त्रास तुम्हालाच, आणि अर्थिंग बुजलं तर जोडून झाल्यावर एकही दिवा लागत नाही.

क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासला तरी निघतो, पापुद्रे उचललेले असतील तर मात्र ते क्रोम गेलं, काळा रंग मारा आणि पुढे चला.

जोडताना मॅन्युअलमधला टॉर्क पाळा, ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या स्टीलच्या बोल्टला अँटीसीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावा, पण मॅन्युअलचा टॉर्क कोरड्या आट्यांसाठीचा असतो म्हणून अशा बोल्टला जरा हात राखून. पहिल्या फेऱ्या जवळच्या जवळ आणि पाने खिशात ठेवून मारा. ५० ते १०० किलोमीटरनंतर इंजिन माउंटिंग, हँडल क्लॅम्प, ॲक्सल, सायलेन्सरचे नट सगळे परत तपासा, चेनचा ढिलेपणा बघा, इंजिन उघडलं असेल तर ऑइल लवकर बदला. तारांची चाकं असतील तर प्रत्येक तारेवर पाना हलका वाजवा, बाकीच्या टणटणत असताना एखादी थड वाजली तर ती ढिली आहे, ती कसा आणि रिम डगमगत नाही ना ते चाक फिरवून बघा.