पहिली सायकल रेस: वाई ते पाचगणी, चाकामागे चाक

आमच्या औषधांच्या दुकानात दर डिसेंबरात दोन-तीन तरुण मुलं येऊन विचारतात, "ताई, जानेवारीच्या रेसला नाव दिलंय, काय तयारी करू?" त्यांना काउंटरवरून सुटं सुटं सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते. मी स्वतः एकोणचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाठीवर नंबर लावून रेसला उतरले, तेही हायब्रिड (रोड आणि माउंटन यांच्या मधल्या) सायकलवर. त्यानंतर सहा रेस झाल्या. त्यामुळे हे पोडियमवर चढणाऱ्यांसाठी नाही. रोज सकाळी एकट्याने वीस-तीस किलोमीटर मारणारा आणि एकदा तरी बंचमध्ये, म्हणजे सायकलवाल्यांच्या घोळक्यात, सायकल चालवून बघायची इच्छा असलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

आमच्याकडची रेस वाईतून सुटते, धोम धरणाच्या बाजूला दोन फेऱ्या होतात आणि शेवटी पसरणी घाट चढून पाचगणीला संपते. सगळं मिळून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 720 मीटरवर, पाचगणी 1290 च्या जवळ. म्हणजे शेवटच्या बारा किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर चढायचं. सगळ्यांच्या डोक्यात घाटच असतो. मुंबई-पुणे शर्यतीतही बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, पूर्ण शर्यत जिंकणाऱ्याइतकंच लोक त्याचं नाव काढतात, तेव्हा हे साहजिक आहे. पण माझं सांगणं वेगळं आहे. हौशी माणसाची रेस घाटात बिघडत नाही, ती त्याआधीच्या तीस किलोमीटरमध्ये बिघडते. दुसऱ्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर शांतपणे कसं चालवायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

सायकलीबद्दल थोडक्यात. नवी घेऊ नका. आहे तीच घ्या, पण आठ दिवस आधी मेस्त्रीकडे नेऊन ब्रेकच्या केबल, चेन आणि दोन्ही चाकांचा आऊट (चाक फिरताना डोलतंय का) बघून घ्या. टायर 28 मिलिमीटरचे बसत असतील तर तेच लावा. दगडासारखी हवा भरायची सवय सोडा. माझं वजन 62 किलो आहे आणि मी 28 च्या टायरमध्ये हवेचा दाब 75 पीएसआय ठेवते. आमच्या रस्त्यावर 110 भरली तर चाक नुसतं उड्या मारतं, पकड राहत नाही. घाटासाठी मागचं मोठं चक्र 32 दातांचं असू द्या. पुढे 34, मागे 32 लावून मिनिटाला सत्तर वेळा पाय फिरले की ताशी नऊ-साडेनऊचा वेग पडतो. शेवटचे बारा किलोमीटर त्याच वेगाने चढले तरी सव्वा तासाच्या जरा पुढेमागे तुम्ही वर असता. खाली उतरून सायकल ढकलावी लागत नाही.

चाकामागे चाक

सपाटीवर ताशी तीसच्या पुढे गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट झाला तर हवेचा रोध चौपट होतो. म्हणून पुढच्याच्या आडोशाला राहिलं की साधारण पाव ते तिसरा हिस्सा कष्ट वाचतात. हे एकदा पायांना कळलं की अंगावर काटा येतो. तुम्ही एकट्याने कधीही न धरलेल्या वेगाने चाललेले असता आणि तरी बोलू शकता. मला रेसमधला सगळ्यात आवडता क्षण हाच. पहाटेच्या थंडीत, मेणवलीच्या पुढे, वीस-पंचवीस चेनचा एकच आवाज येत असतो.

पण ही मोफत मिळणारी गोष्ट नाही. त्यासाठी तुम्ही कसे चालणार आहात, ते मागच्याला न बघता कळलं पाहिजे. आपली रेषा धरून चाला. खड्डा दिसला म्हणून झटकन बाजूला होऊ नका, आधी हाताने दाखवा, तोंडाने "खड्डा" म्हणा, मग हळूच सरका. एकदम ब्रेक दाबू नका. वेग कमी करायचा असेल तर पेडल मारायचं थांबवा, अंग थोडं उभं करा, छातीवर हवा घ्या, तेवढ्यानेच गती उतरते. उभं राहून पेडल मारायला लागताना सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याचं चाक तुम्हाला येऊन लागतं. म्हणून उठायच्या आधी एक दाब जास्त द्या आणि मग उठा. नजर पुढच्याच्या चाकावर रोवू नका. त्याच्या कमरेकडे, खांद्यावरून पलीकडे, तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत बघा. चाक कोपऱ्यातून दिसतच असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीही नेऊ नका. सरळ मागे राहा किंवा स्पष्ट बाजूला. अर्धवट नको.

हे मी माझ्या पहिल्या रेसमध्ये शिकले. धोमहून परत येताना दुसरी फेरी होती. जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम, रात्रभर ट्रॉल्या चाललेल्या, रस्त्यावर टिपरी पडलेली. माझ्या पुढच्या मुलाला एक टिपरं दिसलं आणि तो डावीकडे सरकला. माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला वीतभर पुढे गेलेलं होतं. रबराला रबर घासल्याचा 'झर्र' असा आवाज आला. हँडल माझ्या हातात होतं, पण ते फिरेना. सायकलचा तोल आपण पुढचं चाक बारीक बारीक हलवून सांभाळत असतो. ते अडकलं की तोल सांभाळायला हातात काही उरत नाही. पुढच्याला नुसता धक्का जाणवतो, पडतो तो मागचा. मी उजव्या कोपरावर पडले. त्या मुलाने थांबून मला उचललं, दोघांनी मिळून वाकडं झालेलं हँडल चाक पायात धरून सरळ केलं आणि मी कोपर रक्ताळलेलं असतानाच घाट चढले. तो खरवडा महिनाभर भरून येत होता.

असं चाकाला चाक लागलंच तर आपण घाबरून लांब ओढून घेतो, तिथेच पडतो. त्या चाकाच्या दिशेने थोडं झुकायचं, पाय थांबवायचे, आणि सुटेपर्यंत हात सैल ठेवायचे. हे मैदानावर, गवतात, मित्राबरोबर अगदी चालण्याच्या वेगाने करून बघा. दहा-बारा वेळा चाक घासून बघितलं की भीती निम्मी होते. मी मुलांना घाटाच्या दहा खेपांऐवजी हा एक तास द्यायला सांगते.

बाकी सराव चौघांत होतो. रविवारी चार जण एका रांगेत निघा. पुढचा एक मिनिट ओढेल, मग मागे बघून बाजूला होईल आणि पेडल हलके करून शेवटच्याच्या मागे जाऊन लागेल. आपली पाळी आली की जोर दाखवून वेग वाढवायचा नाही. होता तोच ठेवायचा. नवे लोक इथेच चुकतात, पुढे आल्यावर पळायला लागतात आणि रांग तुटते. सहा रविवार पुरतात.

सुटताना

पहिल्या रांगेत उभे राहू नका. तिथे खरे रेसर असतात, पहिल्या दोन किलोमीटरमध्ये ते ताशी चाळीसने निघून जातात. अगदी मागेही नको, कारण प्रत्येक वळणावर पुढे ब्रेक लागले की मागच्यांना पुन्हा पळावं लागतं. मधली डावी बाजू चांगली. गिअर हलका ठेवा. सुटल्यावर पहिली दहा मिनिटं मन सांगेल की आज पाय जबरदस्त आहेत. ते पाय नसतात, ती गर्दी असते. नाकाने श्वास घेता येईल इतपतच जोर लावा. पुढचा ग्रुप सुटला तर सुटू द्या, एकट्याने भरून काढायला जाऊ नका. आजूबाजूला बघा, तुमच्यासारखे पाच-सहा जण असतातच. त्यांना हाक मारा, "चला, मिळून जाऊ." आमच्याकडे अनोळखी माणसंही लगेच हो म्हणतात.

आदल्या दिवशी गाडीवरून मार्ग बघून या. नकाशा पुरत नाही. कुठल्या गावात न रंगवलेला ब्रेकर आहे, कुठल्या वळणावर खडी सांडली आहे, कुत्री कुठे बसतात, हे डोळ्यांनी बघितलेलं असावं. मी ब्रेकरचे ठिकाण हँडलवर चिकटपट्टीवर लिहून लावते. "शाळा", "पूल", "वड" एवढंच.

पोटाचं आणि औषधाचं

हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, म्हणून जरा सविस्तर.

आदल्या रात्री वरणभात, तूप, लिंबू. उसळ, मिसळ, कोबी नको. सकाळी सुटायच्या अडीच तास आधी पोहे किंवा गूळ-तूप-पोळी. नवं काहीही त्या दिवशी खाऊ नका. दोन तासांच्या रेसमध्ये ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात 25 च्या आसपास असतात. मी जर्सीच्या मागच्या खिशात अर्धं केळं, चार खजूर बिया काढून आणि एक राजगिऱ्याचा लाडू चार तुकडे करून ठेवते. सगळं पसरणी गावाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी खाऊन संपवायचं. घाट लागला की श्वास इतका चढतो की चावायला तोंड मोकळं नसतं.

ओआरएसची एक चूक मी दर वर्षी बघते. मोठी पुडी एका लिटर पाण्यासाठी असते. तिच्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं. मुलं ती अख्खी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकतात, "जास्त ताकद" म्हणून. मग ते पाणी खारट होतं, प्यायलं जात नाही, प्यायलं तर मळमळतं. घरी मोजून एक लिटर करा आणि मग बाटल्या भरा. ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट घोट घ्या. घाटात पाण्याचा स्टॉल आहे असं सांगितलेलं असलं तरी दोन बाटल्या जवळ ठेवा. एका वर्षी आमच्या घाटात तो स्टॉल नव्हताच, आणि चाळीस जण कोरड्या घशाने वर पोहोचले.

आणि हे कळकळीने सांगते: गुडघा दुखतो म्हणून रेसच्या आधी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. घामाने अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असताना ते धोक्याचं आहे. गुडघा इतका दुखत असेल तर सीट अर्धा इंच वरखाली करून बघा आणि या वर्षी उतरू नका. पुढेमागे निवड चाचणीला जायचं असेल तर सर्दीची गोळीही विचारून घ्या. स्यूडोएफेड्रीन स्पर्धेच्या दिवशी ठरावीक प्रमाणाच्या वर सापडलं तर ते प्रतिबंधित आहे.

घाट

घाटाबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, कारण इथे आडोसा उरत नाही, ज्याचा त्याचा पाय. पसरणी गाव सोडलं की लगेच गिअर हलका करा, अडखळल्यावर नाही. चढावर जोर देऊन गिअर बदलला तर चेन उतरते. वळणावर आतली बाजू उभी असते, बाहेरून घेतलंत तर चढ थोडा मवाळ होतो, पण समोरून वाहन येत असेल तर डावी बाजू सोडू नका. हौशी रेसमध्ये रस्ता पूर्ण बंद नसतो. खाली कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी दिसायला लागलं की अर्ध्याच्या वर आलात. दांडेघर येईपर्यंत काही राखून ठेवा, शेवटचा एक किलोमीटर तिथून. पायात गोळा आला तर टाच खाली दाबून पेडल फिरवा, थांबू नका.

वर पोहोचल्यावर घाम सुकायच्या आत कोरडा टी-शर्ट घाला. पाचगणीचं वारं जानेवारीत छातीत भरतं. चहा घ्या, ज्यांच्या मागे बसून आलात त्यांना भेटा.

खाली वाईला सायकलवरच जाणार असाल तर जर्सीच्या आत वर्तमानपत्राचा एक कागद घाला. रेस संपलेली असते, त्यामुळे लक्ष सैल होतं. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. बाहेरचा पाय खाली, नजर वळणाच्या शेवटाकडे. दोन्ही ब्रेक दाबा-सोडा करत या, धरून ठेवू नका. रिमचे ब्रेक असतील तर मधे दोनदा थांबून रिमला न टेकवता तळवा जवळ न्या. धग जाणवली तर पाच मिनिटं कठड्यापाशी उभे राहा, ट्यूब थंड होऊ द्या, आणि मग उरलेला घाट उतरा.